झोपलेल्या चार ओळी

"अगं, हात लावू नकोस त्या आकड्याला! दिसतो साधा सत्तावीस, पण हलवलास की दोन नंबरचा पंप रुसून बसतो."

"काकू, पंप रुसत नसतो."

"तू एकोणतीस वर्षं त्याच्याशी संसार केलायस का? मी केलाय. बाजूलाच लिहिलंय बघ. वाच की."

नव्या मशीनच्या कंपनीकडून आलेल्या इंजिनीयर मुलीनं मान पुढं काढून वाचलं. अक्षरं रोमन, पण बोली आपलीच. ‘हा आकडा बदलू नये. कारण आता आठवत नाही. बदलायचाच असेल तर आधी पंपवाल्याला विचारावं, आणि घरी सांगून यावं की आज यायला उशीर होईल.’

इंजिनीयरला हसू आवरेना. "हे असलं प्रोग्रॅममध्ये लिहितात?"

"प्रोग्रॅममध्ये कुठं? कॉमेंटमध्ये लिहिलंय."

"तेच म्हणते मी. ह्या सगळ्या कॉमेंट काढायच्यात, काकू. नव्या मशीनवर फाइल कोरी करकरीत गेली पाहिजे, शुक्रवारी बारा वाजता. आणि नाहीतरी मशीन त्या वाचतच नाही."

"मशीनला काय करायचंय वाचून? त्याला कुठं उद्या सकाळी डबा घेऊन कामावर यायचंय? वाचायचं ते माणसानं."

पाणीपुरवठ्याच्या त्या ऑफिसात काकूंना काकू म्हणणारी ही पहिलीच. बाकी सगळे टायपिंगबाई म्हणायचे. त्याला कारणही तसंच होतं. बाई लागल्या त्या टायपिस्ट म्हणून. मिनिटाला साठ शब्द, तेही मान वर करून, समोरच्याशी गप्पा मारत. पण लागून सहा महिने झाले नाहीत तोच ऑफिसात कॉम्प्युटर आला, आणि टाइपरायटर अडगळीत गेला. बाईंना वाटलं, आता आपलीही रवानगी तिकडंच. तेवढ्यात मशीनरूममधून मास्तर आले आणि बड्या साहेबाला म्हणाले, "ही मला द्या. हिच्या बोटांना डोळे आहेत."

मास्तर आधी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मास्तर. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली, तिन्हींना टोक. शाळा कशी सुटली ते कुणाला माहीत नव्हतं. पण शाळा सुटली तरी मास्तरकी सुटली नव्हती. मशीनरूममध्ये एक फळा त्यांनी कुठूनसा आणून टांगला होता. खडूची भुकटी मशीनला चालत नाही म्हणून त्यावर ते ओल्या फडक्यानं लिहायचे. लिहिलेलं वाळेपर्यंत समजून घ्यायचं, नाहीतर गेलं. बाईंचं अर्धं शिक्षण त्या वाळत्या फळ्यावर झालं.

कॉमेंट म्हणजे काय, तेही तिथंच.

"प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला दिलेली कामांची यादी," मास्तर फडकं फिरवत म्हणाले. "वरून खाली वाचतं, सांगितलेलं करतं. आता त्या यादीत तुला मध्येच माणसासाठी दोन शब्द लिहायचेत. काय करशील? आधी एक तिरकी रेघ, तिला चिकटून चांदणी. म्हणजे यंत्रा, कान झाक. मग हवं ते लिही. सुखदुःख लिही. झालं की उलटं, चांदणी आणि मग तिरकी रेघ. म्हणजे उघड कान."

"आणि उघड म्हणायला विसरलं तर?"

"तर बसतं बिचारं तसंच. खाली कुठंतरी दुसरं कुणी उघड म्हणेपर्यंत. ते मुकाट्यानं बसतं, बरं का. तक्रार करत नाही."

बाईंनी पहिली कॉमेंट लिहिली ती अशी: ‘इथे क मध्ये एक मिळवला.’ शेजारची ओळही तेवढंच सांगत होती, की क मध्ये एक मिळव. मास्तरांनी छापील कागद पेन्सिलीनं खोडला. "हे यंत्राला कळलंय, मलाही कळलंय. उद्या तू आजारी पडलीस तर माझ्या कामाचं काय? का मिळवला ते सांग! काय केलंस त्याची साक्ष ओळ देते. का केलंस त्याची साक्ष द्यायला तुझ्याशिवाय कोण आहे?"

तेव्हापासून बाई ‘का’ लिहायला लागल्या ते लिहीतच राहिल्या. मास्तरांचा आणखी एक नेम होता. चालती ओळ नकोशी झाली तर ती पुसायची नाही, तिच्या आगेमागे खुणा घालून तिला कॉमेंट करून टाकायची. तारीख घालायची, कारण घालायचं. याला मास्तर ‘ओळ झोपवणं’ म्हणायचे. "झोपवलेली उठवता येते, पुसलेली रडून परत येत नाही." मग दुपारी डबे उघडले की बोलणी कशी, तर, "तीन नंबरची ती झडप कुठं गेली गं?" "झोपवलीय मागच्या मंगळवारी." "उठवू नकोस एवढ्यात." दारातून जाणाऱ्याला वाटायचं, पाळणाघर आहे की काय आत.

काय दिवस होते ते! मशीनरूम सगळ्या ऑफिसात थंड, कारण मशीनला उकाडा सोसत नसे. उन्हाच्या दिवसांत बडे साहेबसुद्धा काहीतरी निमित्त काढून आत यायचे आणि उगीच छापील कागद चाळत उभे राहायचे. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. सगळंच हिरवं, हुकूमही हिरवा आणि कॉमेंटही हिरवी. छपाईयंत्र करवतीसारखं ओरडायचं, आणि जमिनीखालून पंपांची घरघर तळव्यांना लागायची. पंप थांबला तर कानाला कळायच्या आधी पायाला कळायचं.

अशी पाच वर्षं गेली. बाईंना दिवस गेले. शेवटच्या दिवशी पोट टेबलाला लागत होतं, तरी हात पसरून टायपिंग चालूच. टेकडीवरच्या मोठ्या टाकीसाठी मास्तर नवी तपासणी लिहिणार होते. टाकी भरली की फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, पंप बंद करायचा. तो अडकला तर? म्हणून दुसरी राखण प्रोग्रॅमनं करायची. बाईंनी त्या जागी एक कॉमेंट लिहून ठेवली, पिशवी उचलली आणि रजेवर गेल्या. चार दिवसांनी मुलगी झाली.

महिन्याभरानं तो फ्लोट खरंच अडकला. सकाळपासून टाकी भरून वाहत होती, आणि पंप आपला इमानानं पाणी चढवत होता. टेकडीवरून लोंढा आला तो थेट कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत. माणूस गेलं नाही, पण दोन घरांच्या भिंती बसल्या आणि शाळेच्या कपाटातली पुस्तकं फुगून कपाटाची दारं निघाली.

चौकशी बसली. मास्तर म्हणाले, "माझ्या प्रोग्रॅममध्ये दुसरी तपासणी आहे. फ्लोट अडकला तरी पंप थांबायला हवा होता." दाखवा म्हणाले. मास्तरांनी कागद छापून दाखवला. चार ओळी, स्वच्छ, बरोबर. मग थांबला का नाही? याचं उत्तर चौकशीवाल्यांनीच काढलं. यंत्र खोटं बोलत नाही. ओळी असत्या तर पंप थांबला असता. थांबला नाही, म्हणजे ओळी नव्हत्या. आता आहेत, म्हणजे पूर आल्यावर घातल्या. स्वतःची चामडी वाचवायला.

त्याच दुपारी मास्तरांकडून मशीनरूमची किल्ली काढून घेतली आणि त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. गणिताचा माणूस सात वर्षं नटबोल्ट आणि वायसर देत बसला, आणि तिथूनच रिटायर झाला. टाकीवर एक मोठी लोखंडी घंटा लावली, काटा वर गेला की आपोआप वाजणारी. प्रोग्रॅमच्या त्या ओळींकडं पुन्हा कुणी ढुंकून बघितलं नाही.

बाईंनी मात्र बघितलं होतं. रजेवरून परत आल्या त्या दिवशी, खोलीत एकट्या. हिरव्या पडद्यावर हिरव्या चार ओळी. दोनदा वाचल्या. खोट काढायला जागा नव्हती. बाईंनीही चौकशीवाल्यांचंच गणित मांडलं, आणि उत्तर मास्तरांच्या विरुद्ध आलं. बाई कुणाला काही बोलल्या नाहीत. स्टोअरकडं जायचं हळूहळू कमी झालं, एवढंच. आधी रोज, मग आठवड्यानं, मग जाता-येता मान हलवण्यापुरतं.

त्याला चोवीस वर्षं झाली. मुलगी नोकरीला लागली. पडदे बदलले, पण बाईंनी प्रोग्रॅम लिहायचा आपला जुना एकरंगी एडिटर सोडला नाही. बोटांना त्याची सवय होती.

इंजिनीयरनं फाइल उघडली ती तिच्या स्वतःच्या एडिटरमध्ये, तिच्या लॅपटॉपवर. त्यात हुकूम निळे, आकडे तांबडे आणि कॉमेंट राखाडी. एखाद्या भाजीच्या टोपलीसारखं ते सगळं रंगीत दिसायला लागलं.

"बाप रे, काकू! निम्म्याहून जास्त राखाडी आहे. तुमच्याकडं कामापेक्षा गप्पाच जास्त."

"त्या गप्पा नव्हेत, ती आमची जिंदगी आहे. खाली घे, खाली. बघ, ‘चार नंबरची टाकी दुरुस्तीला काढली आहे.’ बारा वर्षं झाली दुरुस्त होऊन. ही मात्र काढ, ही माझीच लाज आहे. कॉमेंट शिळी झाली की नसलेली बरी."

इंजिनीयर खाली सरकवत होती. एकाएकी थांबली.

"काकू, ह्या चार ओळी का झोपवल्यात?" तीन दिवसांत तिनंही तो शब्द उचलला होता.

"कुठल्या?"

"टाकी काठाला आली की पंप थांबवायच्या. राखाडी दिसतायत."

"छे गं! त्या जाग्या आहेत. त्या कुणी झोपवल्याच नाहीत."

"मग हे बघा ना."

बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. चार ओळी. राखेच्या रंगाच्या. त्यांच्या खाली मास्तरांची कॉमेंट: ‘पातळी तीनदा वाचावी, तीन-तीन सेकंदांनी. लाटेनं काटा हलतो म्हणून.’ तीही राखाडी, पण ती असायचीच. इंजिनीयरचं बोट चार ओळींवरून वर गेलं. वर आणखी एक कॉमेंट होती. ‘इथे टाकीची दुसरी तपासणी येणार. मास्तर लिहिणार आहेत. मी उद्यापासून रजेवर.’ खाली तारीख.

"बघा. ही उघडलीय, पण बंदच केली नाही. शेवटी चांदणी नाही, रेघ नाही. म्हणून मशीन पुढं सगळं कॉमेंट समजून सोडत गेलं, थेट ह्या खालच्या कॉमेंटच्या शेवटापर्यंत. मधल्या चार ओळी तिच्या पोटात. कधीच चालल्या नसणार ह्या." इंजिनीयरनं खुर्ची मागं ढकलली. "होतं असं. आता एडिटर लगेच रंग दाखवतो, तेव्हा कुठं कळणार! कुणी लिहिली ही?"

जमिनीखालून पंपांची घरघर येत होती, ती बाईंना पहिल्यांदाच फार मोठी वाटली.

"मी," त्या म्हणाल्या.

"असू दे हो, काकू. शुक्रवारी निघेलच. माझं टूल सगळ्या कॉमेंट काढतं, त्यात ह्या चार ओळीही जातील. त्याच्या लेखी त्याही कॉमेंटच. फाइल साफ!"

बाई उठून कोपऱ्यातल्या नळाशी गेल्या, तोंडावर पाणी मारलं. इंजिनीयरला काहीच ठाऊक नव्हतं. मास्तर कोण, पूर कधी आला, काही नाही. ऑफिसातली तेव्हाची माणसं रिटायर झालेली, काही वर गेलेली. शुक्रवारी बारा वाजले की मास्तरांच्या चार ओळी या जगातून पुसल्या जाणार होत्या, आणि त्यांच्याबरोबर बाईंची चूकही. मास्तर मरेपर्यंत लबाड राहणार आणि बाई चार महिन्यांनी हार गळ्यात घालून घरी जाणार. नुसतं गप्प बसलं की झालं. आणि गप्प बसण्याचा सराव तर चोवीस वर्षांचा होता.

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "ते पान रंगीत छापून दे मला. आत्ता. आणि तुझ्या त्या टूलला हात लावशील तर बघ."

मास्तरांचं घर दोन गल्ल्या सोडून, दुसऱ्या मजल्यावर. जेवणाच्या सुट्टीत बाई निघाल्या. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या, कठड्यावर कुणाच्या तरी सतरंज्या वाळत घातलेल्या. दार उघडंच होतं. मास्तर आणि वहिनी, म्हणजे त्यांची बायको, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून वाटाणे सोलत बसले होते. मास्तरांनी पंच्याहत्तरी ओलांडली होती, पण खिशात पेन्सिल होती. आता एकच.

"ये, बाई. रिटायर झालीस का?"

"अजून चार महिने आहेत, मास्तर."

"मग कामाच्या वेळेत इकडं कशी?"

बाईंनी कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. मास्तरांनी चष्मा शोधला, तो वहिनींच्या मांडीखाली निघाला.

"रंगीत कशाला?"

"नव्या एडिटरमध्ये कॉमेंट राखाडी दिसतात."

मास्तर बोट ठेवून वाचायला लागले. बोट खाली आलं, थांबलं. वर गेलं. पुन्हा खाली आलं. दुसऱ्या हातात अर्धी उघडलेली शेंग तशीच.

"ही उघडलीय," ते म्हणाले.

"हो."

"बंद केलेली नाही."

"नाही."

"कुणाची आहे?"

"माझी, मास्तर. रजेवर जायच्या दिवशीची."

"म्हणजे तू जागा दाखवून गेलीस, आणि मी बरोब्बर तिथंच लिहिलं." मास्तरांनी शेंग खाली ठेवली. "मेलेल्या कानात ओरडत बसलो म्हणायचं."

"अहो, काय झालं ते मला कळेल असं बोला की कुणीतरी," वहिनी म्हणाल्या.

बाईंनी सांगितलं. यंत्रानं कान झाकले होते, ते मी झाकले होते, उघडायला विसरले होते. ह्यांच्या ओळी पुराच्या आधीपासून तिथंच होत्या. वहिनींचे हात वाटाण्यात थांबले ते थांबलेच.

मास्तर मात्र बाईंकडं बघत होते. शाळेत फळ्याजवळ उभ्या केलेल्या पोराकडं बघावं तसं.

"रजेवरून आल्यावर तू उघडून बघितलं असशीलच."

"बघितलं."

"ओळी दिसल्या?"

"दिसल्या."

"मग काय वाटलं तुला?"

बाईंच्या तोंडात एक सोपं उत्तर तयार होतं. मला तर तेव्हाच वाटलं होतं, मास्तर असं करणार नाहीत. म्हातारा खूश झाला असता. बाईंनी ते गिळलं.

"मलाही वाटलं, तुम्ही नंतर घातल्या."

पंखा फिरत होता. वर्तमानपत्राचा कोपरा उडत होता आणि बसत होता.

"म्हणून स्टोअरकडं यायची बंद झालीस."

"हो."

"मला वाटायचं, पोर लहान आहे हिची, वेळ मिळत नसेल." मास्तर खिडकीकडं बघून म्हणाले. "मी तुझ्या वहिनीलाही तेच सांगायचो."

बाईंना तिथून उठून पळावंसं वाटलं. पण पाय दुमडून बसल्या होत्या, आणि त्या वयात उठायलाही दोन श्वास लागतात. त्या बसून राहिल्या. एक शेंग उचलली आणि सोलायला लागल्या. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मास्तरांनी कागद पुन्हा जवळ घेतला. "चूक एकटीची नाही. मीही तपासलं नव्हतं. साहेबाकडं दोनदा अर्ज केला, की टाकी एकदा काठोकाठ भरू द्या. तो म्हणाला, ऐन उन्हाळ्यात पाणी ओतून देऊ? मग राहिलं. पातळीचा काटा हातानं वर ढकलूनही तपासता आलं असतं. ते सुचलं कधी? स्टोअरमध्ये वायसर निवडताना!" ते थोडं हसले, पण हसणं ओठांपर्यंतच आलं. "आणि खरं सांगू? दहा-बारा वर्षांनी मलाच शंका यायला लागली. रात्रंदिवस तेच ऐकलं की माणसाचं स्वतःचंच डोकं फितूर होतं. वाटायचं, घातल्या असतील बुवा आपण नंतर. घाबरून. आणि विसरलो असू."

"असं मला कधी बोलला नाहीत!" वहिनी म्हणाल्या.

"काय बोलायचं होतं त्यात?"

वहिनींनी हात पदराला पुसले आणि कागद ओढून घेतला. उलटा धरला, सुलटा केला. "ह्यात ह्यांचं नाव कुठं आहे?"

बाईंनी बोट ठेवलं. "हे. मास्तर लिहिणार आहेत."

वहिनींनी त्या अक्षरांकडं नीट बघून घेतलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि दारातल्या चपला पायात सरकवल्या.

"कुठं निघालीस?" मास्तर म्हणाले.

"समोर."

समोरच्या दारात तेव्हाचे हेडक्लार्क राहायचे. चौकशीचा कागद त्यांच्याच हातचा. ते आता अंथरुणाला खिळले होते, पण त्यांची बायको खणखणीत होती.

"चोवीस वर्षं त्या बाईकडं वाटीभर साखर मागितली नाही मी," वहिनी म्हणाल्या. "जिन्यात भेटली की म्हणायची, होतं हो माणसाच्या हातून. दरवेळी तेच. होतं हो!"

"मग आता साखर मागायला चाललीस?"

"साखर आहे घरात. हे दाखवून येते." आणि गेल्यासुद्धा. त्यांच्या हातची कडी समोरच्या दारावर वाजली ती खालच्या मजल्यावरही ऐकू गेली असेल.

बाई म्हणाल्या, "मास्तर, मी उद्या ऑफिसात लेखी देणार आहे. चूक माझी होती म्हणून."

"दे. कुठल्या तरी फाइलीत जाईल. साहेब गेला, चौकशीवाले गेले. आता कुणाला दाखवायचं?" मास्तरांनी खिशातली पेन्सिल काढली, तिचं टोक अंगठ्यावर तपासलं आणि परत ठेवली. "मला एकच सांग. त्या उठवल्या तर पंप थांबतो का? मी लिहिलंय ते बरोबर आहे का, एवढं बघ. बाकी सगळं जाऊ दे."

गुरुवारी सकाळी बाईंनी साहेबापुढं कागद ठेवला. हल्लीचा साहेब चौकशीच्या वेळी शाळेत असेल. त्यानं वाचलं आणि कपाळ चोळलं. "टायपिंगबाई, चार महिने राहिलेत तुमचे. जुनं कशाला उकरून काढता?"

"जुनं नाही, साहेब. ती टाकी आजही तिथंच आहे, आणि राखणीला फक्त घंटा आहे."

पाठोपाठ इंजिनीयर आत आली. आदल्या दुपारी बाईंनी तिला सगळं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती बाईंपेक्षा जास्त तापली होती. "सर, हस्तांतराच्या आधी सुरक्षेची प्रत्येक तपासणी चालवून बघावीच लागते. माझ्या ऑर्डरमध्ये आहे. आणि कॉमेंटचं म्हणाल तर तिथं ‘अनावश्यक कॉमेंट काढाव्यात’ असं लिहिलंय. अनावश्यक कुठल्या ते मी आणि काकू ठरवू. फार तर ती चार नंबरच्या टाकीची निघेल."

साहेबानं हात टेकले आणि कागदावर सही केली. पोचेचा शिक्का बाईंनी स्वतः उभं राहून मारून घेतला.

मशीनरूममध्ये आल्यावर बाईंनी आपल्या कॉमेंटच्या शेवटी चांदणी आणि रेघ घातली. दोन खुणा, अर्ध्या सेकंदाचं काम. इंजिनीयरच्या पडद्यावर चार ओळी एकदम निळ्या-तांबड्या झाल्या. फाइल पुन्हा कंपाईल केली, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवली, चालू केली, टेकडीचा तेवढा एक पंप चालू ठेवला आणि टेकडीवर फोन लावला.

"बाई, चढलोय टाकीवर," पंपवाला धापा टाकत म्हणाला. "घंटेला फडकं बांधलंय. नाहीतर सगळी वसाहत अंथरुणं उचलून पळायची. काटा ढकलू का?"

"ढकल. आणि मोज."

बाईंनी चपला काढून तळवे फरशीला टेकवले. घरघर होती. इंजिनीयर पडद्याकडं बघत होती, बाई कुठंच बघत नव्हत्या. घरघर होती. मग ती तळव्यांखालून निघून गेली, दिवा मालवावा तशी.

"थांबला!" फोनमधून पंपवाला ओरडला. "बाई, अकरा मोजले आणि पाणी पडायचं थांबलं की हो!"

इंजिनीयरनं टेबलावर थाप मारली. बाईंनी फोन ठेवला, पुन्हा उचलला आणि मास्तरांचा नंबर फिरवला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"थांबला, मास्तर."

पलीकडं मागं कुठंतरी वहिनी विचारत होत्या, "काय म्हणते? काय म्हणते?"

"किती सेकंदांत?" मास्तर म्हणाले.

"पंपवाला अकरा म्हणतो."

"नऊ लागायला हवेत. तीन त्रिक नऊ. वरचे दोन कुठून आले?"

"त्यानं तोंडानं मोजले असतील, मास्तर."

"तोंडानं मोजून काय उपयोग? घड्याळ लावून मोजायला सांग. आणि अकराच आले तर मला लगेच फोन कर, मी पेन्सिल घेऊन बसतो." फोन बंद झाला.

बाईंनी चष्मा नाकावर घेतला, खुर्ची पुढं ओढली आणि टेकडीचा नंबर लावला.

"पंप चालू करते रे. पुन्हा एकदा करायचंय. मनगटावर घड्याळ आहे का तुझ्या? मग त्याच्याकडं बघत राहा, आणि मी सांगेपर्यंत काट्याला हात लावू नकोस."